मिठाची बाई

आमचं गाव पेण तालुक्यातल्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठाला. बांधाच्या आत भातशेती, बांधाच्या बाहेर तिवरं आणि खाडी. एका बाजूला थोडी मिठागरं. गावातला निम्मा माणूस पावसाळ्यात शेतकरी आणि दिवाळीनंतर आगरात मजूर. म्हणून मीठ हे आमच्या पोटाला पण आहे आणि मुळावर पण आहे. आगरात पिकलं तर चार पैसे. शेतात शिरलं तर सत्यानाश. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली आणि खारं पाणी शेतात आलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. उन्हाळ्यात वर पांढरी फुली येते. पावसाच्या पाण्याने ती धुऊन धुऊन काढावी लागते. आमचे वाडवडील म्हणून तर राता भात लावायचे, त्याला खार सोसतो. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2 अशी वाणं काढली, ती आम्ही लावली.

हे सगळं सांगायचं कारण, मी जी गोष्ट सांगणार आहे ती मिठाची आहे. आणि ती घडली टीव्हीमुळे.

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो मुंबईला गोदीत कामाला असलेल्या एका माणसाच्या घरी. काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, पुढे सरकवायचं शटर. मुंबई आम्हाला पाण्यापलीकडे, त्यामुळे उंच बांबूला अँटेना बांधली की मुंबई केंद्र दिसायचं. पावसाळ्यात नुसत्या मुंग्या. दिवाळीनंतर आभाळ निवळलं की चित्र स्वच्छ. आम्ही ‘आमची माती आमची माणसं’ बघायचो, ‘गजरा’ बघायचो, छायागीताला तर ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. घरमालकीण भली बाई. चार आणे घेणारी पण घरं होती, हिने कधी घेतले नाहीत. फक्त येताना पाय धुऊन या म्हणायची, कारण अर्धे लोक आगरातून सरळ यायचे.

‘रामायण’ सुरू झालं 1987 च्या जानेवारीत. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका लागायची. इंग्रजीत. आमच्या गावात तिला ‘कानवाल्याची शिरेल’ म्हणत, कारण तिच्यात टोकदार कानांचा एक माणूस होता. मोठ्या विमानातून हे लोक आभाळात फिरतात, दर खेपेला एका नव्या ग्रहावर उतरतात, तिथे काहीतरी भानगड होते आणि परत विमानात येतात, एवढं सगळ्यांना समजलं होतं. बाकीचं मी सांगायचो.

मी 1975 च्या दहावीच्या पहिल्या बॅचचा. गावात दहावी झालेले आम्ही तिघंच, त्यातले दोघं नोकरीला गेले. म्हणून इंग्रजीचा जाणकार मी. खरं सांगायचं तर मला दहा शब्दांतले दोन कळायचे. उरलेले आठ मी माझ्या मनाने घालायचो. पण ओटीवर तीस-चाळीस माणसं तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर ‘मला नाही समजलं’ असं म्हणायचा धीर कोणाला होतो? मी सत्तावीस वर्षांचा होतो. मी सांगत सुटायचो.

त्या रविवारी जो भाग लागला तो असा. विमानातले लोक एका ओसाड ग्रहावर उतरतात. तिथे एक प्रोफेसर आणि त्याची बायको राहतात. विमानातल्या डॉक्टरची त्या बाईशी जुनी ओळख, म्हणजे एके काळी मन बसलेलं. मग विमानातली माणसं एक एक करून मरायला लागतात. अंगावर जखम नाही, फक्त तोंडावर गोल गोल डाग. रंगीत टीव्हीत ते लाल होते म्हणे, आम्हाला काळे दिसले. आणि मग कळतं, की मेलेल्या माणसाच्या अंगात मीठ उरलेलं नाही. ती जी बाई दिसते ती बाई नाहीच. ते एक जनावर आहे, कुठल्याही माणसाचं रूप घेतं, जवळ येतं, तोंडाला हात लावतं आणि अंगातलं मीठ ओढून घेतं. शेवटी त्याचं खरं रूप दाखवलं. अंगावर झिपऱ्या, तोंड जळवेसारखं, बोटांना चूषके.

‘सॉल्ट’ हा शब्द मला येत होता. मी मोठ्याने ओरडलो, “मीठ खाते ती! माणसातलं मीठ खाते!”

ओटीवर एकदम शांतता झाली. इतर वेळी भुताचं काही दाखवलं की बाया पदर तोंडात धरून हसत, पोरं किंचाळत. इथे कोणी आवाजच केला नाही. कारण भूत आम्हाला माहीत होतं, मीठही माहीत होतं, पण आमच्या माहितीत भूत मिठाला भितं. पोराला दृष्ट लागली तर मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकतात. रात्री डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई पदराला मिठाचा खडा बांधते. आणि इथे तर मीठच खाणारी निघाली. मग दृष्ट काढायची कशाने?

हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तिथेच एका म्हाताऱ्याने विचारलं. कोणाकडे उत्तर नव्हतं.

पुढे मी कुठेतरी वाचलं, की 1938 साली अमेरिकेत रेडिओवर मंगळावरून शत्रू आल्याची श्रुतिका लागली आणि खरंच हल्ला झाला समजून लोक घाबरले. पेपरांनी छापलं की सगळा देश रस्त्यावर आला. नंतरच्या अभ्यासकांनी म्हटलं की एवढं काही झालं नव्हतं, पेपरवाल्यांनी वाढवून लिहिलं. आमच्या गावाचंही तसंच. आज कोणाला विचाराल तर सांगतील की गावाने आठ दिवस आगरात जायचं सोडलं होतं. खोटं आहे. सोमवारी सकाळी सगळे आगरात होते. मजुरी कोण देणार? स्कायलॅब पडणार म्हणून 1979 च्या जुलैत केवढी बोंब झाली होती, पण तेव्हाही आमची लावणी थांबली नव्हती. स्कायलॅब पडली ती ऑस्ट्रेलियात, आणि आम्ही चिखलात.

पण काही झालंच नाही असंही नाही. मी डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगतो.

मिठाच्या राशी उघड्यावर असतात, त्यांना रात्रीची राखण लागते. त्या आठवड्यात राखणीला एकटा माणूस जाईना, जोडीने जायला लागले. त्यातल्या एकाची बायको अंधार पडल्यावर बांधावरून भाकरी घेऊन आली. हा लांबूनच ओरडला, “तिथंच उबी ऱ्हा! माझ्या आयचा नाव सांग!” ती म्हणाली, “मेल्या, तुझ्या आयनीच भाकरी दिलीय.” तरी हा म्हणतो, “नाव सांग!” तिने भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि सासूचं नाव घेऊन वर चार शिव्या घातल्या, तेव्हा याची खात्री पटली. जनावराला शिव्या येत नाहीत. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या मांडवात सांगून लोक हसायचे.

दुसरं, पोरांनी जेवताना वरून मीठ घ्यायचं सोडलं. कोणी म्हणालं, अंगात मीठ कमी असलं तर ती आपल्याकडे येणार नाही. माणसाच्या अंगात सगळं मिळून मीठ असतं पाव किलोच्या आसपास. हे मला नंतर कळलं. आमच्या आगरात एका राशीत कित्येक टन मीठ पडलेलं. एवढ्याशा पाव किलोसाठी ती बाई कशाला माणसाच्या मागे लागेल? पण भीतीला हिशोब येत नाही.

आणि तिसरी माझी मोठीआय.

मोठीआय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. घर आमचं एकच, मधे एक कूड. तिला एकच मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. 1978 साली नारळी पौर्णिमा झाल्यावर तो एका मचव्यावर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही. मचव्याच्या दोन फळ्या आणि एक पिंप मिळालं. माणसं मिळाली नाहीत. मागे वहिनी आणि आठ महिन्यांचा मुलगा.

प्रेत नाही म्हणून क्रिया नाही. मोठीआय म्हणायची, कुठल्या तरी बंदराला लागला असंल, परदेशी बोटीने उचलला असंल. असं झालेलं पण होतं कोणाकोणाचं, त्यामुळे तिला खोटं कसं म्हणणार? ती रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही. दार नुसतं लोटलेलं. कुत्रं शिरलं, एकदा चोर शिरला आणि दोन तांबे घेऊन गेला, तरी कडी नाही. “तो रातचा आयला न दार बंद मिलला तं?” एवढंच तिचं म्हणणं.

सात वर्षं वहिनी त्या उघड्या दाराच्या घरात झोपली. तरणी बाई, शेजारी लहान पोर. झोपली म्हणायचं एवढंच.

मोठेबाबा वारले तेव्हा जमिनीची वारस नोंद करायची वेळ आली. मुलगा बेपत्ता, त्याचं काय लिहायचं? पेणला एका वकिलाने सांगितलं, पुराव्याच्या कायद्यात कलम 108 आहे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, ज्यांना ती मिळायला हवी होती त्यांनाच मिळालेली नाही, तो माणूस मेला असं कायदा धरतो. कोर्टात अर्ज करा, मग वहिनीचं आणि पोराचं नाव लागेल. त्यासाठी आईचा जबाब हवा, अंगठा हवा. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला सात वर्षं पुरी झाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मोठीआय अंगठा देईना. “मी माझ्या हातानी त्याला मारू?” असं म्हणायची. वहिनी काही बोलायची नाही. तिचं बोलणं म्हणजे भांडी जरा जोरात घासणं.

तर त्या रविवारी मोठीआय पण ओटीवर होती. ती कधी टीव्हीला यायची नाही, त्या दिवशी नातवाला आणायला आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. ती बाई एका माणसाला तरुण दिसते, दुसऱ्याला केस पिकलेली दिसते, तिसऱ्याला भलतीच कोणी पोरगी दिसते, हे आम्हाला कोणालाच उमगलं नव्हतं. मी तर लोकांना सांगत होतो की या तीन वेगळ्या बाया आहेत. मोठीआय मागून म्हणाली, “तीन नाय रे. एकच हाय ती. ज्याच्या मनात जी हाय तशी दिसतं त्याला.”

इंग्रजीचं एक अक्षर न येणारी बाई. पण समजलं ते तिला पहिलं.

शेवटी ते जनावर विमानाच्या कॅप्टनला धरतं आणि डॉक्टर बंदूक घेऊन उभा असतो. जनावर परत त्या बाईचं, डॉक्टरच्या जुन्या ओळखीचं रूप घेतं आणि त्याच्याकडे बघतं. डॉक्टरचा हात उठत नाही. मग तो गोळी घालतो. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मोठीआयने मला विचारलं, “तिला मीठच पायजे व्हता ना?”

“हो.”

“मंग दिला क्याला नाय? यवऱ्या मोठ्या इमानात मीठ नाय?”

सगळे हसले. मी पण हसलो. मी म्हणालो, “मोठीआय, चेटकीण होती ती. चेटकिणीला कोण मीठ देतं?”

ती नातवाचा हात धरून घरी गेली.

त्या रात्री कुडापलीकडून आवाज यायला लागले. सात वर्षांत पहिल्यांदा वहिनी सासूशी मोठ्याने बोलत होती. मी गेलो. वहिनी दाराला पाठ लावून उभी, कडी लावलेली. अंगाला कापरं. तिने पण सकाळी ते सगळं बघितलं होतं. ती म्हणत होती, “आज मी उगडा नाय ठेवाची. त्यांचा रूप घेऊन कोन आयला तं? पोराच्या तोंडाला हात लावला तं?” मोठीआय म्हणत होती, “आयला तं येवंदे. घरात मीठ हाय.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. सकाळी सगळं मीच समजावून सांगितलेलं, आता निवाडा मी द्यायचा.

मला काय बोलावं सुचेना. वहिनीच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. मोठीआयच्याही नाही. पण अंगठ्याचं कुठेतरी डोक्यात होतं, आणि मी शिकलेला होतो, आणि मला वाटायचं की खरं काय ते कोणीतरी एकदा बोलायला हवं. मी म्हणालो, “मोठीआय, भाऊ आता येणार नाही. आणि कोणी त्याच्यासारखा दिसणारा आलाच, तर तो आपला नसेल. सकाळी बघितलंस ना तू?”

असं मी बोललो. खोट्या गोष्टीतलं जनावर पुढे करून मी तिला खरं सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तसं कसं, तूच सांगतोस तं तसाच असंल.” आणि आत जाऊन आडवी झाली.

कडी लागली ती लागलीच. महिन्याभरात तिने अंगठाही दिला. कोर्टाचं काम झालं, वहिनीचं आणि पोराचं नाव सातबाऱ्यावर आलं. ते नाव होतं म्हणून पुढे वहिनीला खार जमिनीवर बांध घालायला कर्ज मिळालं, जिताड्याचं तळं करता आलं, पोराला पेणला शिकवता आलं. हे सगळं चांगलंच झालं. मी वाईट झालं म्हणत नाही. पण मोठीआय त्या रात्रीनंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची. 1991 च्या पावसाळ्यात ती गेली. सहा वर्षांत तिने मला एकदाही रागाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मधे पस्तीस वर्षं गेली. आगरं बरीचशी बंद पडली. 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे पत्रे गेले, आंबे आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. वीज आल्यावर घरात सगळे मोबाइल चार्ज करून बसलेले, लॉकडाऊन असल्याने कॉलेज बंद. वहिनीची नात, म्हणजे भावाच्या मुलाची मुलगी, वीस वर्षांची. तिला जुन्या मालिका बघायचा नाद. मी सहज तिला कानवाल्याची आणि मिठाच्या बाईची गोष्ट सांगितली. तिने दोन मिनिटांत शोधून काढली. भागाचं नाव ‘द मॅन ट्रॅप’. अमेरिकेत दाखवला 8 सप्टेंबर 1966 ला, त्या मालिकेचा सगळ्यात पहिला दाखवलेला भाग तोच. म्हणजे आम्ही घाबरलो तेव्हा तो भाग एकोणीस-वीस वर्षांचा शिळा होता.

आम्ही ओटीवर बसून मोबाइलवर बघितला. मी, वहिनी आणि ती मुलगी. ती थांबवून थांबवून मराठीत सांगत होती. रंगीत बघून हसू आलं. ते जनावर म्हणजे सरळ सरळ माणसाला घातलेलं झिपऱ्यांचं पोतं. याला आम्ही घाबरलो! टोकदार कानवाल्याला ते जनावर पकडतं पण सोडून देतं, कारण त्याच्या अंगातलं मीठ वेगळ्या जातीचं, हेही आता कळलं.

मग ती म्हणाली, “आजोबा, प्रोफेसरला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“ही आपली बायको नाही ते. खऱ्या बायकोला ह्याच जनावराने मारलं होतं, कधीच. तरी तो त्याच्याबरोबर राहत होता. स्वतःजवळचं मीठ त्याला देत होता. म्हणून तर तो विमानवाल्यांकडे मिठाच्या गोळ्या मागतो सुरुवातीला. ते जनावर त्याच्या जातीतलं शेवटचं आहे. त्या ग्रहावरचं मीठ संपलं आणि बाकीची सगळी मेली. तो म्हणतो, आपल्याकडे गवे कसे लाखांनी होते आणि मारून संपवले, तसं हे. शेवटी कॅप्टन पण त्या गव्यांचाच विचार करत बसलाय.”

मी गप्प झालो. तेव्हा मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मला समजलंच नव्हतं. मला ‘सॉल्ट’ एवढा एक शब्द समजला आणि त्यावर मी चेटकीण उभी केली. मोठीआयला मी सांगायला हवं होतं, की मोठीआय, त्या गोष्टीत एक माणूस आहे, तो तुझ्यासारखाच आहे. त्याला सगळं माहीत आहे, तरी तो मीठ देतोय. तू विचारलंस ते त्या गोष्टीतच होतं. पण ते मी सांगितलं असतं, तर दाराला कडी लागली असती का? आणि कडी लागली नसती तर वहिनीचं काय झालं असतं? याचा हिशोब मला अजून लागत नाही.

वहिनी इतका वेळ काही बोलली नव्हती. मोबाइल बंद झाल्यावर म्हणाली, “भावजी, तुमाला एक ठाव नाय.”

मी म्हटलं, काय?

“कडी लागल्यावर त्या रोज निजायच्या आदी भायेर उंबऱ्याशी मिठाची वाटी ठेवायच्या. मरंपरत. मना वाटायचा, मना समजला नाय असा त्यांना वाटतं. मी काय बोलली नाय. सकाली उटून वाटी मीच उचलायची. दवान नि खाऱ्या वाऱ्यान पार पानी झालेला असायचा. मी तं टाकून वाटी धुवून परत जाग्यावर ठेवायची.”

“रोज?”

“रोज.”

मुलीने विचारलं, “आजी, मग पणजीला वाटायचं का, ते कोणीतरी येऊन खाल्लं?”

वहिनी म्हणाली, “कना मना ठाव? त्यांनी इचारला नाय, मी सांगितला नाय.”

सहा वर्षं एका घरात दोन बाया. एक मीठ ठेवायची, दुसरी वाटी धुवायची. कुडापलीकडे राहून मला याचा पत्ता नव्हता, आणि सगळं समजतं म्हणून गावाला समजावून सांगणारा मी.

आमच्याकडे मीठ उघड्यावर ठेवलं की रात्रीत त्याचं पाणी होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोठीआय तर आगरात जन्म काढलेली बाई. तिला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या प्रोफेसरसारखंच तिलाही सगळं ठाऊक होतं, असंच आता मला वाटतं.

त्या मालिकेत विमानवाल्यांनी त्या जनावराला गोळी घातली. मीठ काही दिलं नाही. आमच्या खारेपाटात एका म्हातारीने त्याला सहा वर्षं मीठ घातलं. ही गोष्ट लिहून ठेवावी असं वाटलं, म्हणून लिहिली.